गाळलेल्या पायऱ्या

सर,

"पुलावरून कोण जाणार ते सगळेच विचारतात, खालून कोण चालतं ते तू विचार," असं तुम्ही मला रेवसच्या अलीकडच्या खाडीत, गुडघाभर चिखलात उभं करून म्हणाला होतात. ओहोटी होती. तुमच्या ऑफिसात लागून मला महिनाही झाला नव्हता आणि माझी एक चप्पल चिखलाने गिळली होती. समोर एक बाई खडकावरची कालवं फोडत बसली आहे. तुम्ही तिला होणाऱ्या पुलाचं सांगता. ती मान वर न करता म्हणते, "मोटारी जातील वरशी. आमी खाली कशा उतरनार?"

"मावशी, तुमच्यासाठी पायऱ्या काढतो."

"कागदावर काढशील. कागद भरतीला टिकतो व्हय?"

तुम्ही खूप हसलात, आणि ऑफिसात येऊन सगळ्यात आधी त्या पायऱ्या काढल्यात. मग पूल. तो तीनदा खोडलात, दर वेळी तुळई बारीक होत गेली. इतक्या कमी सिमेंटमध्ये इतकं देखणं काही उभं राहू शकतं, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मला तुमच्यासारखं व्हायचं होतं.

तुम्ही दवाखान्यात असताना खर्च आणखी कमी करा असं पत्र आलं. तुळईला हात लावायची माझी हिंमत नव्हती, म्हणून मी पायऱ्या गाळल्या. त्यांच्याविना पूल बाजूने अधिक सुंदर दिसत होता, हेही खरं. सहीसाठी ड्रॉईंग घेऊन तुमच्या खाटेपाशी आले. तुम्हाला चष्माही सहन होत नव्हता. तुम्ही विचारलंत, "मावशीच्या पायऱ्या?" मी म्हटलं, "आहेत, सर." तुम्ही न बघता सही केलीत. पूल उभा राहिलेला बघायला तुम्ही उरला नाहीत.

याला अकरा वर्षं झाली. आता ऑफिस मी चालवते, आणि नवीन माणूस आला की त्या पुलाचे फोटो तुमचं नाव सांगून दाखवते. गेल्या आठवड्यात इतक्या वर्षांनी तिथे गेले. गावातल्या बायका पुलाच्या कडेच्या दगडांवरून बसत-सरकत खाली उतरत होत्या. त्यांच्यात ती मावशी नव्हती. दोन पावसाळ्यांपूर्वी तिथेच घसरून तिचा खुबा मोडला. आता घराच्या ओटीवर बसून दुसऱ्यांनी आणलेली कालवं फोडते. भेटायला गेले, तर तिने मला ओळखलं, चहा दिला. मग सहज म्हणाली, "तुजा सर लबाड निघाला गं बाय. हसून बोलला नि फसवून गेला."

मी चहा संपवला आणि निघाले, सर. तुमच्या बाजूने एक शब्द बोलले नाही.

पायऱ्यांचं ड्रॉईंग नव्याने करून ग्रामपंचायतीत दिलंय. ते सोपं होतं. रविवारी तिच्याकडे जाऊन खरं सांगायचं आहे, आणि एकटीने सांगायचा धीर होत नाही. हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणूनच एवढं लिहवतंय. तुम्ही नाहीच म्हणाल, तरी विचारते: तेवढ्यापुरतं, फक्त तिच्यासमोर, त्या पायऱ्या आपण दोघांनी मिळून गाळल्या असं मला म्हणू द्याल का?