प्लास्टिकवर शाई धरत नाही

येरवडा, पुणे
२० जुलै २००९

चि. अभय,

ताईचा सप्रेम जयभीम. आम्ही सगळे बरे आहोत. आप्पांचा गुडघा आहे तसाच, माझं ऑफिसही आहे तसंच. फोन आप्पांच्या कॉटशेजारी आणि ई-मेल निकिताच्या हातात, म्हणून हे पत्र. तुझ्या लेकीला माझं अक्षर वाचता येत नाही, ते एक बरं आहे.

तू दर रविवारी तिच्या ॲडमिशनचं विचारतोस आणि मी 'चाललंय' म्हणते. चालतेय ती मी. तुझी नोकरी गेली, तिथलं कॉलेज परवडेना, म्हणून पोरीला इकडे पाठवलंस, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण अमेरिकेतली बारावी म्हणजे बारावीच, हे एकेका खिडकीला पटवताना माझी रजा संपली. टक्के कुठे आहेत, म्हणे. विषयांत 'बँड' पाहून खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "आमच्याकडे बँड वरातीत असतो." निकिता हसली. मला तेवढंही त्राण नव्हतं.

तरी सगळं जमत आलं होतं. फिजिक्स, गणित, इंग्रजी नियमात बसलं. तिच्या बारावीच्या मूळ डिप्लोमाच्या पाठीवर समकक्षतेचा शिक्का घ्यायचा आणि मुदतीच्या आत कॉलेजात दाखवायचा, एवढंच उरलं होतं.

शिक्का मिळाला नाही. आप्पांनी डिप्लोमा लॅमिनेट करून आणला होता.

मला न सांगता, दुखरा गुडघा घेऊन बुधवार पेठेत गेले होते. बाईंनी तो उलटसुलट करून पाहिला. "प्लास्टिकवर शाई धरत नाही. छान केलंत, आता भिंतीला लावा." मी तोंड उघडायच्या आत निकिता म्हणाली, "सॉरी मॅडम, मीच केलं. मला माहीत नव्हतं."

आप्पा मागच्या बाकावरच होते. त्यांनी ऐकलं. घरी येऊन ब्लेडने कडा सोडवायला बसले, तर कागदच फाटला, बरोबर तिच्या नावावरून. मुदत गेली, अभय. यंदाचं वर्ष गेलं. एवढं लिहायला मला पानभर आढेवेढे घ्यावे लागले.

तुला राग येईल. मलाही आला. पण पानशेतच्या पुरात नदीकाठची खोली गेली, तिच्याबरोबर आप्पांचं मॅट्रिकचं सर्टिफिकेट गेलं. कारकुनाच्या नोकरीचा कॉल आला होता. दुसरी प्रत मिळेपर्यंत जागा भरली आणि ते शिपाई म्हणूनच रिटायर झाले. म्हणून तर आपल्या घरात दुधाचं कार्डसुद्धा प्लास्टिकमध्ये असायचं. तुझी डिग्रीही त्यांनी अशीच करून आणली होती, तेव्हा तू ती गल्लीभर दाखवत फिरलास.

आता ते धड जेवत नाहीत. निकिता शेजारी बसून राहते. काल मला म्हणाली, "आत्या, आजोबांना सांग ना, एका वर्षाने काही होत नाही." ते मी त्यांना कोणत्या तोंडाने सांगू?

शाळेकडून नवा डिप्लोमा मागव. आणि आप्पांना फोन कर. विषय टाळू नकोस, ते त्यांना जास्त लागेल. सरळ म्हण, "आप्पा, नवा कागद येतोय. शिक्का बसला की लॅमिनेट तुम्हीच करून आणायचा." मी म्हटलं तर नुसती समजूत काढतेय असं वाटेल. तुझ्या तोंडून ऐकलं तर उठून जेवतील.

रागवायचंच असेल, तर माझ्या ऑफिसात फोन कर. मी ऐकून घेईन.

तुमच्या दोघांच्या मध्ये उभी राहून थकलेली,
तुझी ताई
आम्रपाली