दसऱ्यापर्यंत खोली

१३ जून १९५४, ठाणे
रविवार. तीन खोल्या पाहिल्या. पहिल्या घरी एकट्याला देत नाहीत. सांगितलं, सांगलीहून आत्या येईल, मुलगी येईल. मुलीची आई? बाळंतपणात सहाव्या दिवशी गेली, गेल्या वर्षी. बाई आत गेल्या त्या बाहेर आल्याच नाहीत. दुसरीकडे सून सहा महिन्यांची गरोदर. मालकांनी दारातच हात जोडले. म्हणाले, बाळंतपणात गेलेली बाई मुलामागं येते म्हणतात, आमचा विश्वास नाही, पण घरच्यांना कोण समजावणार. तिसरी खोली उघडलीच नाही.

१६ जून
मिरजेहून सासूबाईंचं पत्र. डोळ्यांना दिसेनासं झालं आहे, कुसुमला दसऱ्यापर्यंत सांभाळतील. तोवर माझी जागा झाली नाही तर मेहुणी तिला इंदूरला नेणार. तिला मूल नाही. खाली मेहुणीच्या अक्षरात एक ओळ: "एकदा नेली की परत मागायची नाही."

२० जून
माजिवड्याला गेलो. एका शेतकऱ्याची गोठ्याला लागून खोली. म्हाताऱ्याला सगळं सांगितलं. म्हणाला, "आण पोरीला. आमची म्हातारी हाय, चार नातवंडांत पाचवी." अंगणात सुकट वाळत होती. मुलगी मासळीच्या घरात वाढवायची? कळवतो म्हणालो. कळवणार नाही.

२८ जून
कारखान्यात ड्रॉइंगच्या टेबलावर कारखानीस शेजारी असतो. त्यानं सगळं ऐकलं नि हसला. "दामले, बायको मेली हे सांगत फिरतोस कशाला? माहेरी आहे म्हण. एकदा भाड्याची पावती हातात आली की तुला कोण काढतो?"

४ जुलै, डोंबिवली
जागा मिळाली. फाटकांच्या घरी मागची खोली. न्हाणीघर सामाईक. फाटककाकूंची लेक सुमन बाळंतपणाला आलेली आहे. मी म्हणालो, कुटुंब माहेरी आहे, सासूबाई आजारी, दसऱ्याला येईल. काकूंनी तिचं नाव विचारलं. सांगितलं. वर्षभरात प्रथमच तोंडातून निघालं.
सासूबाईंना लगेच कार्ड टाकलं.

८ ऑगस्ट
काकू भाजी आणून देतात. पत्र आलं का विचारतात. "तुम्ही एवढे गप्प, ती बिचारी भिंतीशी बोलत असेल," म्हणाल्या. सुमन हसली. मीही सांगू लागलो आहे: तिनं लिहिलंय, कुसुम चालायला लागली. तिनं लिहिलंय, पापड केले. हे सांगायला बरं वाटतं. वाटू नये.

२२ ऑगस्ट
काकूंनी अडवलं. नव्या बाळाला पहिल्यांदा जुनं घालतात, सुखरूप सुटलेल्या बाईच्या मुलाचं. "तुमच्या मुलीचं झबलं मागवा. बाळंतपण सुखरूप झालं ना तिचं?"
हो म्हणालो.
नाही, ते हरवलं, एवढं म्हणता आलं असतं.

१ सप्टेंबर
परवा पार्सल आलं. पिवळं झबलं. आठव्या महिन्यात तिनं शिवलेलं, गळ्याशी टाका तिरका. सासूबाईंना वाटलं मला आठवण म्हणून हवं आहे. दोन दिवस उशीखाली ठेवलं. आज दिलं.

१२ सप्टेंबर
कालपासून सुमन अडली आहे. दुपारी डॉक्टर आले. भिंतीपलीकडे सगळं ऐकू येतं. मी चौकटीला टेकून उभा होतो. मनात आलं, हिचंही तसंच होऊ दे. एकदा नाही, पुन्हा पुन्हा आलं. खोटं लिहिण्यात अर्थ नाही.
पाच वाजता मुलगा झाला. दोघं बरी आहेत. काकूंनी माझ्या हातावर साखर ठेवली. "तुमच्या बायकोचं झबलं लाभलं हो."

२० सप्टेंबर
अविधवा नवमी. सवाष्ण गेलेल्या बाईचा दिवस. इथं कुणाला कळू नये म्हणून कल्याणला जाऊन एका भटजींना शिधा दिला, तिच्या नावानं सवाष्ण जेवू घाला म्हटलं. नाव, गोत्र, कशानं गेली, सगळं त्यांनी विचारून घेतलं.

२३ सप्टेंबर
फाटकांकडे बारसं. ओसरी माणसांनी भरलेली. तेच भटजी आले. मला पाहून दारातूनच म्हणाले, "दामले, तुमच्या कुटुंबाची नवमी यथासांग झाली. सवाष्ण पोटभर जेवली." बायकांचं बोलणं थांबलं. काकूंनी भटजींना बाजूला घेऊन काय ते विचारलं.
त्या ओरडल्या नाहीत. पाळण्यातून बाळाला उचललं, झबलं काढलं, मागच्या दारी जाऊन बंबात घातलं. मी दोन पावलांवर होतो. हात पुढे केला नाही. "मेलेल्या बाईच्या हातचं माझ्या नातवाच्या अंगावर," एवढंच म्हणाल्या. सुमन माझ्याकडे बघत होती.
संध्याकाळी फाटक दाराबाहेरूनच म्हणाले, महिनाअखेर खोली रिकामी करा.

२७ सप्टेंबर
कारखानीस म्हणतो, तीन महिन्यांच्या पावत्या आहेत, कायदा तुझ्या बाजूनं, बस घट्ट. आत्याचं पत्र: मिरजेहून कुसुमला कधी घ्यायचं ते कळव. सासूबाईंचं नाही.

१ ऑक्टोबर
खोली सोडली नाही. फाटक बोलत नाहीत. मी न्हाणीघरातून निघालो की काकू तिथं गोमूत्र शिंपडतात.

३ ऑक्टोबर
रविवार. काकू आपण होऊन आल्या, उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या. आवाज नेहमीचा, भाजी आणताना असायचा तो.
"राहा तुम्ही. कायदा तुमचा आहे, आम्ही काय करणार. पण ती मुलगी इथं आणलीत तर तिला रोज सांगेन, तू आई खाल्लीस. कळत नाही तोवर सांगेन, कळायला लागल्यावरही सांगेन."
मी म्हणालो, ती दीड वर्षाची आहे.
"मग वेळ आहे," म्हणाल्या नि गेल्या.
इंदूरला तिला कुणी असं म्हणणार नाही. इंदूरला तिला कुणी माझंही नाव सांगणार नाही.
दसरा चार दिवसांवर. आत्याला आज कळवलं नाही तर उशीर होईल. कार्ड समोर आहे. पत्ता घातला. ती. आत्यास सा. न. "कुसुमला घेऊन" इथपर्यंत लिहिलं आहे. पुढे ‘ये’ लिहायचं की ‘येऊ नकोस’, ते ठरत नाही.