आडवं काही बघवत नाही

दादा,

रात्रपाळी करून झोपलायस म्हणून उठवलं नाही. मी प्रयोगशाळेत जातेय, नवीन बी लावायला.

खिडकीतल्या काचेच्या डब्यांमधली मोहरीची रोपं वाया गेली. मी डबी आडवी करते, मूळ आपोआप खाली वळायला लागतं, तेच तर मला मोजायचं असतं. पण आई येता-जाता डबी परत उभी करते. म्हणते, "अगं, बिचारी पडली होती!" मुळं पार नागमोडी झालीत. सरांना आता काय माझं कपाळ दाखवू?

तिला ओरडू नकोस. मी ओरडून बघितलं. ती हसली, विसरली आणि पुन्हा उठली. बाबा पडल्यापासून तिला आडवं काही बघवतच नाही. झाडू, छत्री, बाटली, सगळं उभं करते.

आज तू यायच्या आधी मी अंघोळीला गेले, तेवढ्यात तिने बाबांच्या काखेत हात घातले. खुब्याचं हाड अजून जुळलेलं नाही. ते कळवळत होते आणि ही म्हणत होती, "उठा बघू, झालं, झालं."

म्हणून त्यांच्या खोलीला बाहेरून वरची कडी घातलीय. तिचा हात तिथे पोचत नाही. ती दाराशी बसून हाका मारेल, बाबा आतून ओ देतील. दुसरं काय करायचं, मला सुचत नाही.

नवीन डब्या आता तिकडेच ठेवीन. या जुन्या जाताना मुद्दाम आडव्या करून ठेवल्यात. तेवढ्या तरी तिला उभ्या करू दे.

– धाकटी