गिरनीपुढचं बाकडं

न्हाई गुरुजी, अजून तरी काढलं न्हाई मला. निकाल राखून ठेवलाय. तवर मी ग्रामपंचायतीची मेंबर हाय, आन तुमी असता तर चष्म्यावरनं बघत म्हनला असता, "तू? आन मेंबर?" पाढा इचारला की मी खिडकीतनं कावळं मोजायची, ते तुमी कुठं इसरला असाल. तुमाला जाऊन लई वर्सं झाली. आमचं मालक जाऊनबी चार उन्हाळं उलटलं. पिठाची गिरनी आता मीच चालवते, दगड गुळगुळीत झाला की छिन्नीनं टाकीबी मीच लावते.

भानगड एका बाकड्याची हाय. पंचायतीनं शिमिटाची तीन बाकडी आनली. ठरावात लिहिलं हुतं, एक शाळेपुढं, एक यष्टीच्या थांब्याला, एक दवाखान्यापुढं. त्यातलं दवाखान्याचं बाकडं टेम्पोतनं माझ्या गिरनीपुढं, लिंबाखाली उतरलं. माझ्या चुलत दिरानं नगरला कलेक्टर कचेरीत अर्ज टाकला, की ह्या बाईनं मेंबरकीच्या जोरावर सवताच्या धंद्याला लाभ करून घेतला, हिचं पद रद्द करा. निवडनुकीत त्यांची बायको माझ्यापुढं पडली, ते अर्जात न्हाई.

परवा तारीख हुती. आमच्या गावातनं नगरला सकाळची एकच यष्टी, त्यामुळं अर्जदार आन आरोपी एकाच गाडीत, आन शिटबी एकच मिळालं. कंडक्टर आला तवा मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हनलं, "भाऊजी, बायकांना अर्धं तिकीट. ह्योबी लाभच. अर्जात वाढवून घ्या." मागं हसू फुटलं. भाऊजी खिडकीबाहेर बघत राहिले. मीबी हसले, पन आतनं एकच घोर हुता. पद गेलं तर गेलं, पन गाव काय म्हनंल? हिनं खाल्लं म्हनंल. मालकांनी उभ्या जन्मात कुनाचं पसाभर पीठ जास्त ठेवून घेतलं न्हाई, आन त्यांच्या मागं त्यांच्या बायकोनं आख्खं बाकडं खाल्लं.

कचेरीच्या जिन्यात वकिलानं मला पढवलं. मी इचारलं, लाभ म्हंजी पैसाच ना, मी तर रुपया घेतला न्हाई. तो म्हनला, "मावशी, कायद्यात लाभ म्हणजे पैसाच लागतो असं नाही. ज्यानं तुमचं काही बरं झालं, तुमची सोय झाली, ते सगळं त्यात येऊ शकतं. सरळ येऊ दे, नाहीतर आडवाटेनं." मी म्हनलं, मग लिंबाची सावलीबी जप्त करा. तो हसला न्हाई. आत असलं बोलू नका म्हनला, इचारतील तेवढंच सांगा.

तवा तुमी आठवला. मी तिसरीत, आन रुळाच्या तुकड्याची ती घंटा मी अर्धा तास आधीच वाजवलेली. पोरं दप्तरं घेऊन पळतायत आन तुमी फाटकात आडवं उभं. घंटा कोनी दिली म्हनून इचारताय, कोनी बोलत न्हाई. मग तुमी म्हनता, "ज्याचा ज्याचा फायदा झाला त्यानं त्यानं उनात उभं राहायचं." आख्खी शाळा उनात उभी. तुमी बघताय फकस्त माझ्याकडं. मी बोलले न्हाई. दुसऱ्या दिशी तुमी मला भिंतीवरचं घड्याळ बघायला शिकवलं, आन घंटेचं काम माझ्याकडंच दिलं. त्यापरीस मारलं असतं तर बरं झालं असतं, गुरुजी. छडी मी चार दिसांत इसरले असते.

आत सुनावनी घ्यायला मॅडम हुत्या, माझ्या पोरीच्या वयाच्या. त्यांनी इचारलं, बाकड्यामुळं दळन वाढलं का. वकिलानं लाईटबिलं पुढं केली. वाढलं न्हाईच, अर्ध्या गावात आता घरघंट्या आल्यात. मॅडमनी बिलं चाळली, मान हलवली. मला वाटलं, सुटले. मग त्यांनी पेन खाली ठेवलं.

"ते तिथे उतरवायला कोणी सांगितलं?"

वर पंखा फिरतोय. बाकडी आननारा टेम्पोवाला साक्षीला माझ्यामागं उभा हाय, त्याचा श्वास ऐकू येतोय. भाऊजी सकाळपास्नं पहिल्यांदा माझ्याकडं बघतायत. मी म्हनलं, कोनी न्हाई मॅडम, पुढं गटारीसाठी खोदलं हुतं, गाडी जाईना म्हनून त्यानं तिथंच उतरवलं. मॅडमनी त्याला इचारलं. तो जमिनीकडं बघत व्हय म्हनला. लिहिनाऱ्यानं लिहून घेतलं आन मी सही केली.

येताना भाऊजी लांब बसले. शेवगावच्या पुढं गाडी रिकामी झाली तवा उठून शेजारी आले. म्हनले, "वहिनी, आमची आई रोज तुमच्याच बाकड्यावर असती. ते हाललं तर मला घरात भाकर मिळायची न्हाई." मी म्हनलं, मग म्हातारीलाबी आरोपी करा, लाभ तर तिनंबी घेतलाय. ते हसले. मग हळूच म्हनले, "खोदलेलं तर दवाखान्याच्या पलीकडं हुतं, वहिनी. तिथं बोलनार हुतो. आईचं तोंड पुढं आलं." मी तिकिटाच्या घड्या घालत राहिले.

वकील म्हनला, अजून काही लेखी द्यायचं असंल तर आठ दिसांची मुदत हाय. म्हनून कागद घेऊन बसले, आन मॅडमऐवजी तुमच्याशीच बोलाया लागले. ह्यो कागद आता कचेरीत जायचा न्हाई. तुमच्यापाशी तर पोचायचाच न्हाई. मालक गेल्यावर गावानं दळन तोडलं न्हाई, पन बाया डबा ठेवायच्या आन जायच्या, सांजच्याला उचलून न्यायच्या. एकट्या बाईशी काय बोलायचं, म्हनून कोनी थांबत नव्हतं. दिसभर पट्ट्याचा आवाज आन मी. आता चार-सहाजनी बसतात, सुनांची उनीदुनी काढतात, मी चिडवते, त्या चिडतात, दुसऱ्या दिशी पुन्हा येतात. लाईटबिलात दिसनार न्हाई असलाच लाभ घेतला मी. आन तिकडं दवाखान्यापुढं पोटुशा बाया अजून पायरीवर बसतात. येता-जाता मला दिसतात.

टेम्पो दवाखान्यापाशी पोचला हुता, गुरुजी. मी आडवी उभी राहिले आन मागं वळवला. आन मॅडमपुढं काय बोलायचं ते त्या टेम्पोवाल्याला आदल्या दिशी त्याच्या घरी जाऊन मीच पढवलं.