लिफ्टवाल्यांची रग्बी आणि ओजसची पक्की नोकरी

ती. विश्राममामा,

वॉलॉंगॉंगहून प्रतापचा तुम्हांला आणि मामींना कंबरेतून वाकून नमस्कार. (कंबरेतून का, ते पुढे येईलच. गेल्या पंधरवड्यात मी इतक्या वेळा वाकलोय की सरिता म्हणते, आता जरा सरळ उभं राहायची सवय कर.) तुमचा गुडघा काय म्हणतो? सूनबाईंकडून, म्हणजे मितालीकडून कळलं की डॉक्टरांनी जिना बंद सांगितलाय आणि तुम्ही मात्र कुंड्यांना पाणी घालायला रोज गच्चीवर जाता. मामींची शुगर आटोक्यात आहे असं धरून चालतो. आम्ही इथे ठीक. थंडी सरत आलीय, पण समुद्रावरून वारा असा सुटतो की दोरीवरचे आमचे कपडे शेजारच्या ग्रेगच्या अंगणात सापडतात. हे पत्र मितालीला पाठवतोय, ती प्रिंट काढून तुमच्या हातात देईल. (मिताली, शेवटचं पान वाचू नकोस गं. वाचशीलच, पण निदान मामींना सांगू नकोस.)

तर विषय रग्बीचा. ओजस ती खेळतो हे तुम्हांला माहीत आहे, आणि तुम्हांला ते फारसं रुचत नाही हे मला माहीत आहे. इथे दोन रग्बी आहेत, एक तेरा जणांची आणि एक पंधरा जणांची, आणि या दोन घराण्यांचं आपसात जाणंयेणं नाही. गाव सगळं तेरावाल्यांचं. आमचे चिरंजीव अर्थातच पंधरावाले, त्यामुळे त्यांच्या सामन्याला खेळाडूंचे आईबाप, दोन कुत्री आणि सॉसेज भाजणारे एक काका एवढीच गर्दी. ओजसचं काम माणसांच्या ढिगाऱ्याखालून चेंडू ओढून काढायचा आणि कुणी अंगावर पडायच्या आत दुसऱ्याकडे फेकायचा. त्याला स्क्रमहाफ म्हणतात. युनीचं, म्हणजे युनिव्हर्सिटीचं, शेवटचं वर्ष आहे, मेकॅनिकल. मी याच युनीत शिकून पोर्ट केंब्लाच्या स्टीलवर्क्समध्ये चिकटलो तो बावीस वर्षं मेंटेनन्सलाच आहे, त्यामुळे त्याचा पुढचा रस्ता मला अगदी सरळ दिसत होता.

आणि मग ऑगस्टमध्ये जपानचा एक क्लब इथे दोन आठवडे सरावाला आला. आता क्लब म्हणजे कोण, तर लिफ्ट बनवणारी कंपनी. (नाव लिहीत नाही, त्यांनी अजून बोलू नका म्हटलंय.) मामा, जपानात वरच्या रग्बीचे संघ मुळात कंपन्यांचे असतात. मोटारीवाले, पोलादवाले, टीव्हीवाले, सगळ्यांचे. लोकप्रियतेत तिथे बेसबॉल सगळ्यांत पुढे, मग फुटबॉल, सुमो, आणि रग्बी जरा मागे. पण २०१९ला वर्ल्ड कप त्यांच्याकडे झाला तेव्हा अख्खा देश टीव्हीसमोर बसला होता म्हणे. २०२२पासून नवी लीग आहे, तीन डिव्हिजनची. जगातले नावाजलेले खेळाडू तिथे करारावर जातात. पण खरी गंमत पुढेच. एकाच संघात, एकाच स्क्रममध्ये, म्हणजे डोकी खाली घालून रेटारेटी करणाऱ्या त्या घोळक्यात, खांद्याला खांदा लावून दोन जातीचे लोक असतात: एक पूर्ण व्यावसायिक, ज्याचं काम फक्त रग्बी, आणि दुसरा त्या कंपनीचा नोकरदार, जो सकाळी ऑफिसात बसतो आणि दुपारनंतर सरावाला येतो.

हे मला कळायचं कारण सरिता. पुण्यात कॉलेजात असताना तिने जपानीच्या दोन परीक्षा दिल्या होत्या (आठवत असेल, तेव्हा तुम्ही विचारलं होतं, याचा उपयोग काय), म्हणून ओजसच्या क्लबाने तिला दुभाषी केलं आणि मी तिचा ड्रायव्हर म्हणून रोज अर्व्होला (दुपारला इथे असंच म्हणतात) मैदानावर. तिथे हिरानो नावाचा एक गडी होता. आपल्या फ्रिजएवढा. स्क्रममध्ये पहिल्या ओळीत मान घालतो. सराव संपला की हा अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून मैदानाच्या बाकावर लॅपटॉप उघडायचा. मी सरिताला म्हटलं, गेम खेळत असेल. तिने विचारलं. तो कंपनीच्या तक्रार विभागात आहे, ओसाकात कुठे लिफ्ट अडकली की त्याचा मेल याच्याकडे येतो. कान सुजून भज्यासारखे झालेले, एका बोटाला पट्टी, आणि हा माणूस उरलेल्या नऊ बोटांनी कुण्या आजींना लिहितोय की आपल्या झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही अत्यंत दिलगीर आहोत. मी तिथेच उभ्या उभ्या भारावून गेलो, मामा. खरंच सांगतो. शेवटच्या दिवशी ड्रेसिंग रूम त्यांनी अशी पुसून दिली की आमचे क्लबवाले दोन दिवस बूट काढून आत जात होते.

मला सारखे तुम्ही आठवत होतात. तुम्हांलाही बँकेने कबड्डीसाठीच घेतलं होतं ना. आई सांगायची, विश्राम सकाळी काउंटरवर आणि संध्याकाळी मातीत. म्हणजे जपानी लोकांनी जे चालवलंय ते आपण कधीपासून करतोय, आपण फक्त कुणाला वाकून दाखवलं नाही. मी हे हिरानोला सरिताकरवी सांगितलं. तो उठून उभा राहिला आणि तुम्हांला उद्देशून वाकला. त्या वेळी तुम्ही बहुधा जेवायला बसला होतात, म्हणून तुमच्या वतीने मी वाकलो.

यानंतर जे झालं त्यात माझी चूक आहे असं सरिताचं मत आहे. तुम्हीच ठरवा. कॅम्पच्या शेवटी लिफ्टवाल्यांचा ओजसच्या क्लबाशी सराव सामना झाला. आम्ही सपाटून हरलो, ओजस बरा खेळला. दुसऱ्या दिवशी त्यांचे मॅनेजर ओकुदासाहेब घरी आले. मी आदल्या दिवशीच थेट पेंडल हिलच्या भारतीय दुकानापर्यंत गाडी हाणून साबुदाणा आणला होता, ती खिचडी त्यांनी दोनदा घेतली, आणि मग दोन्ही हातांनी ओजसपुढे कागद ठेवला. दोन वर्षांचा व्यावसायिक करार. ओजस पाहतच राहिला. सरिताच्या डोळ्यांत पाणी. आणि मी काय केलं, तर मी विचारलं, ही पोस्ट परमनंट आहे का?

सरिता म्हणाली, मी हे विचारणार नाही. मी म्हटलं, बाप म्हणून माझा हक्क आहे. तिने विचारलं. मग मी प्रोबेशन विचारलं, पीएफसारखं काही असतं का विचारलं, आणि गुडघा गेला तर बसायला टेबल मिळेल का, तेही विचारलं. सरिताचा आवाज प्रत्येक वाक्यागणिक लहान होत होता. ओकुदासाहेबांनी वही काढली, सगळं उतरवून घेतलं, मग पेन ठेवून वही मिटली. मला वाटलं, संपलं. तर ते सद्गदित झाले होते. इतकी वर्षं परदेशी खेळाडू घेतोय, म्हणाले, प्रत्येक जण जास्त मागतो, मुलाला आमच्या ऑफिसात बसवा म्हणणारे वडील पहिल्यांदा भेटले. आणि चौथ्या दिवशी दुसरा कागद आला: कंपनीत नोकरी, कायम. सकाळी मेंटेनन्स विभाग, दुपारी सराव, राहायला वसतिगृह, जपानी शिकवणार, छातीवर लिफ्टचं चिन्ह असलेलं जॅकेट. मला तर तो कागद देव्हाऱ्यात ठेवावासा वाटला. ओजसने तो वाचला आणि एवढंच म्हणाला, "डॅड, यू निगोशिएटेड मी डाउन."

तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. म्हणजे, मीठ दे म्हटलं तर देतो, आणि वर "नो वरीज" म्हणतो, ते ऐकवत नाही. दोन्ही कागद फ्रिजवर लावलेत. त्यांनी सांगितलंय, कुठलाही एक चालेल, शनिवारपर्यंत कळवा. सरिता म्हणते, त्याचं त्याला ठरवू दे. मी म्हणतो, ठरवू दे, पण नीट ठरवू दे. रग्बीत माणूस तिशीत म्हातारा होतो, लिफ्ट काय, चालूच राहणार. यात माझं काय चुकलं, ते लिहा.

मामींना नमस्कार. त्यांचं मेतकूट संपलं, पण मागत नाही.

तुमचा भाचा,
प्रताप

ता. क. : ओजस परवा सरिताला विचारत होता की मामाआजोबांना खेळायचं थांबल्यावर काउंटरवर कसं वाटलं. मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की छान वाटलं, बढती मिळाली. पण मग लक्षात आलं, हे मी तुम्हांला कधी विचारलेलंच नाही.

ता. क. २ : (मिताली, आता बास. पान दुमड.) मामा, तो बरा खेळला असं वर लिहिलंय ते खोटं आहे. मी कुंपणाला धरून उभा होतो. उत्तरार्धात हिरानो चेंडू घेऊन धावत सुटला आणि मध्ये एकटा ओजस. मी डोळे मिटले. उघडले तर हिरानो आडवा, आणि ओजस उठून चेंडू काढून केव्हाच फेकून मोकळा झालेला. असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी लिफ्टवाल्यांच्या बाकावरचे सगळे टाळ्या वाजवायला लागले, समोरच्या संघाच्या पोराला. शेजारी ग्रेग म्हणाला, "मेट, युअर बॉय." एकवीस वर्षं याला सायकलच्या चेनला वंगण घालायला शिकवलं, रिव्हर्स पार्किंग शिकवलं, आणि हे त्याला कुणी शिकवलं मला ठाऊक नाही. मी त्याला घरी येताना म्हटलं, सीटवर चिखल लावू नकोस.

म्हणून एक काम आहे. शुक्रवारी तुमच्या दुपारी दीडला, म्हणजे आमच्या संध्याकाळी सहाला, त्याला फोन करा. मी तेव्हा शिफ्टला असेन, मुद्दाम घेतलीय. त्याला सांगा, तो दोन वर्षांचा कागद घे. तुम्ही सांगितलंत तर तो ऐकेल. तुमच्या वेळी असा दुसरा कागद कुणी समोर ठेवलाच नव्हता, त्याच्यासमोर आहे. मी सांगायला गेलो तर पुन्हा प्रोबेशनच विचारीन, माझा मला भरवसा नाही.

माझं नाव घेऊ नका. फार तर सामन्याचं सांगा, की प्रतापने तीनही वेळा पाहिलं.