मुलाखतींची हार्ड डिस्क पुसण्याचा आदेश मागे घेण्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
नगर स्मृतिसंग्रहालय.

विषय : जुन्या लॅपटॉपला मोठी हार्ड डिस्क ओळखता येत नसल्याने डिस्कच कोरी करण्याच्या आदेशाबाबत.
संदर्भ : तांत्रिक विभागप्रमुखांचा तोंडी आदेश. (लेखी मागितला असता ‘एवढ्याशा गोष्टीला कागद कशाला?’ असे उत्तर मिळाले.)

महोदय,

मी आपल्या संग्रहालयात ध्वनिलेखनिक आहे. गावातील वयस्कर माणसांच्या मुलाखती ऐकून उतरवून काढणे हे माझे काम. त्यासाठी मला लेखा विभागाने वापरून सोडलेला लॅपटॉप आणि सर्व मुलाखती साठवलेली भली मोठी हार्ड डिस्क मिळाली. दोन्ही वस्तूंबद्दल मी आभारी आहे. त्यांचे एकमेकींशी जमत नाही, एवढीच अडचण आहे.

१. लॅपटॉपची बॅटरी गेलेली असल्याने तो थेट विजेवर चालतो. डिस्कलाही स्वतंत्र वीज लागते. माझ्या खोलीत प्लग एकच. भांडारपालांनी ‘आलटून पालटून लावा’ असा सल्ला दिला. तो मी प्रामाणिकपणे अमलात आणून पाहिला. पुढे रीतसर मागणी केल्यावर एक्स्टेन्शन बोर्ड मंजूर झाला.

२. दोन्ही यंत्रे एकदाची सुरू झाली, तेव्हा डिस्क फॉरमॅट करायची का, असे लॅपटॉप विचारू लागला. विभागप्रमुख म्हणाले, ‘विचारतोय ना? मग हो म्हणा.’ मुलाखती पुसल्या जातील, असे मी निदर्शनास आणले. त्यावर ‘त्याला दिसतच नाहीत, तर पुसणार काय?’ असे त्यांनी विचारले. दुरुस्तीवाल्याच्या मते डिस्क ठणठणीत आहे. एवढी मोठी डिस्क वाचण्याची या जुन्या लॅपटॉपची कुवत नाही. हे कळवल्यावर कार्यालयीन मालमत्तेविषयी अनुदार बोलू नये, अशी मला समज मिळाली, आणि सोमवारपर्यंत डिस्क फॉरमॅट करून दाखवण्याचा आदेश झाला.

३. दरम्यान फेरीबोटीच्या निवृत्त चालकांची मुलगी मला भेटली. पूल होण्यापूर्वी सारा गाव या काकांच्या हाकेवर नदी ओलांडत असे. पक्षाघाताने त्यांची वाचा गेली आहे. ‘घरात बाबांचा आवाज कुठेच नाही हो ताई,’ ती म्हणाली. ‘रोजच बोलत होते, भरून ठेवायचं सुचलंच नाही.’ त्यांची मुलाखत याच डिस्कवर असल्याने मी तिला प्रतीसाठी अर्ज करायला सांगितले. तिने केला. ‘सदर डिस्क रिकामी असल्याचे तपासणीत आढळले’ असे उत्तर तिला आपल्याच सहीने गेले.

४. ते वाचून मी डिस्क पिशवीत घालून त्यांच्या घरी नेली. परवानगी घेतली नाही. मुलीच्या संगणकाने डिस्क लागलीच ओळखली. आवाज सुरू झाला तशी काकांनी आधी दाराकडे पाहिले, कोण आले म्हणून. मग त्यांना उमगले. मुलाखतीत त्यांनी एका नवरदेवाला घाईत भलत्याच काठावर उतरवल्याचा किस्सा आहे. तो संपण्याच्या बराच आधी काका हसू लागले. मुलगी चहा टाकते म्हणून आत गेली. बराच वेळ नुसता नळ वाहत होता.

५. सबब, फॉरमॅटचा आदेश रद्द व्हावा आणि डिस्क वाचू शकेल असे यंत्र मिळावे, ही विनंती. मुलाखतीचा अर्धा भाग ऐकवायचा राहिला असून मी सोमवारी येईन असे काकांना कबूल केले आहे. त्यामुळे त्या दिवशी डिस्क सादर करता येणार नाही. माझ्यावर जी कारवाई योग्य वाटेल ती कृपया मंगळवारपासून सुरू करावी.

आपली नम्र,
(सही)
ध्वनिलेखनिक
दि. १४ मार्च

सोबत : लॅपटॉप (परत)