पर्किन्ससाहेबांच्या खापरपणजोबांचा पूल

डिस्कव्हरी गार्डन्स, दुबई
रविवार

तीर्थरूप गिरिजाआत्यास,

राजनचा वाकून नमस्कार (कंबर परवानगी देते तेवढा वाकून). इकडे आम्ही तिघंही ठीक. तुझ्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं असं मिथुनने कळवलं; आता महिनाभर चुलीजवळ जाऊ नकोस आणि पापडांचा घाट तर घालूच नकोस. फोनवर तुला माझं अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं तू मनाने भरतेस, म्हणून हे पत्र. शिवाय जे सांगायचंय ते मोठ्याने बोलण्यासारखं नाही.

माझी नोकरी तुला ठाऊक आहे. अल क्वोजमध्ये आमची उंच इमारतींच्या काचांची कंपनी, आणि मी तिथे क्वालिटी ऑडिटर. म्हणजे दुसऱ्याने केलेल्या कामात चुका शोधायच्या आणि पगार घ्यायचा. (अनुपमा म्हणते, घरी हेच काम मी फुकट करतो.) आमचे मोठे साहेब मिस्टर पर्किन्स, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या हॅरोफर्ड नावाच्या चिमुकल्या गावचे. माणूस सज्जन, पण प्रत्येक मीटिंगला त्यांचे खापरपणजोबा कॅप्टन एझ्रा पर्किन्स हजर असायचेच. कॅप्टनने गाव वसवलं, कॅप्टनने १८५८ साली नदीवर पहिला पूल बांधला. टेंडर हातचं गेलं, माल पोर्टवर अडकला, काच फुटली, की साहेब टेबलावर हात ठेवून म्हणायचे, "राजन, वी पर्किन्सेस बिल्ड ब्रिजेस." आणि आम्ही परत काचा मोजायला जायचो.

यंदा कंपनी विकली गेली आणि नव्या मालकांनी साहेबांची पोस्टच रद्द केली. साहेब सहा महिने ईमेलवर ईमेल लिहून भांडले, पण खलास. निरोपसमारंभ ठरला. पेन द्यावं की घड्याळ, यावर चर्चा चालू असताना मी हात वर केला आणि म्हणालो, साहेबांची वंशावळ मी काढतो, छान फ्रेम करून देऊ. माझं पुढचं काँट्रॅक्ट साहेबांच्या शिफारशीवर अवलंबून होतं. तो विचार माझ्या मनात नव्हता असं लिहिणार होतो, पण तू मला लहानपणापासून ओळखतेस.

हॅरोफर्डच्या वाचनालयाने गावातल्या जुन्या साप्ताहिकाचे सगळे अंक इंटरनेटवर टाकलेत. मी सहज एक उघडला आणि पुढचे पाच आठवडे नुसता जेवायला दुबईत यायचो. लोहाराची दुसरी बायको कुणाची मेहुणी, पाद्रीबुवांची डुकरं कुणाच्या मक्यात शिरली, शाळामास्तरांनी राजीनामा का दिला (डुकरांमुळेच), सगळं तोंडपाठ. एकदा आमटी वाढून घेताना मी आनंदाने म्हणालो, "चर्चची घंटा आली बरं का अखेर!" ओवीने फोनमधून डोकं न काढता उत्तर दिलं, "बाबा, दॅट वॉज इन एटीन सिक्स्टी-वन."

आणि मग कॅप्टन सापडले. आत्या, ते तराफ्याचे कॅप्टन होते. दोरीने ओढायचा तराफा, चार माणसं आणि एक गाय मावेल असा. नदी ओलांडायची तर कॅप्टनला पैसे द्या. गाव त्यांच्या आधी वीस वर्षं तिथेच होतं. आणि पूल होऊ नये म्हणून तर हा गृहस्थ अकरा वर्षं कोर्टात भांडला. पहिल्या अर्जात लिहिलं, पुलामुळे मासे बिचकतील. दुसऱ्यात लिहिलं, गावातल्या मुली सारख्या पलीकडे जातील.

अनुपमाला दाखवलं. ती म्हणाली, "फांद्या काढ, नावं लिही आणि गप्प बस. निरोप घेणाऱ्या माणसाला कुणी ऑडिट रिपोर्ट देत नाही." मी तिचं ऐकलं. (हे वाक्य तिला दाखवणार आहे.) शेजारच्या प्रिंटिंगवाल्या तहसीनभाईंकडून सोनेरी फ्रेम करून घेतली, एझ्राच्या नावाआधी नुसतं 'कॅप्टन'.

समारंभाला साठ माणसं. साहेबांची थोरली बहीण लोरेटाबाई, पंचाहत्तरीची, खास ओहायोहून आलेली. साहेबांनी फ्रेम छातीशी धरली, डोळे टिपले आणि माईकवर जाहीर केलं की पूल कॅप्टननेच बांधला हे आता राजनने कागदोपत्री सिद्ध केलंय. इथे टाळ्या वाजवायच्या होत्या. एकोणसाठ जणांनी वाजवल्या. मी पंचवीस वर्षांच्या सवयीने हात वर केला.

"सर, स्मॉल करेक्शन."

पुढचं मी बोललो की माझ्यातला ऑडिटर बोलला, देव जाणे. तराफा सांगितला, कोर्ट सांगितलं, मासेसुद्धा सांगितले. (मासे सांगायची काही गरज नव्हती.) अनुपमा सूपच्या वाटीत काहीतरी शोधू लागली. साहेबांनी फ्रेम टेबलावर पालथी ठेवली.

तेवढ्यात कुणीतरी खो खो हसलं. लोरेटाबाई! त्या गावच्या ग्रंथपाल होत्या. ते सगळे अंक त्यांनीच सहा वर्षं खपून, एकेक पान करून इंटरनेटवर चढवलेले. "कुणी वाचतं की नाही, मला कधी कळलंच नाही," म्हणाल्या आणि माझा हात धरून डुकरांबद्दल बोलायला लागल्या. साहेब मात्र फ्रेम तिथेच टाकून निघून गेले.

तिसऱ्या दिवशी ते सामान न्यायला आले. माझ्या केबिनमध्ये येऊन दार लावून घेतलं. मी उभाच राहिलो.

"अकरा वर्षं भांडला?"

"हो, सर."

"आणि हरला."

"हो, सर."

ते खिडकीपाशी जाऊन समोरची क्रेन बघू लागले. मग हळूच विचारलं, "त्यानंतर त्याने काय केलं?"

आत्या, मासे सांगण्याच्या नादात माझं नेमकं हेच सांगायचं राहिलं होतं. पूल झाल्यावर गावाला टोल घ्यायला माणूस हवा होता. पहिला अर्ज कॅप्टनचा आला. एकोणीस वर्षं ते त्या पुलावर बसले. एक तक्रार नाही. ते गेले त्या दिवशी गावाने कुणाकडूनही टोल घेतला नाही.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "हे लिही त्यात." तहसीनभाईंनी तासाभरात नवी पट्टी छापून दिली. फ्रेम सामानात टाकायला साहेब तयार झाले नाहीत. विमानात हातात घेऊन गेले. माझी शिफारसही करून गेले. तिच्यात 'नको तितका प्रामाणिक' असं लिहिलंय. ही स्तुती आहे का, ते एचआर अजून ठरवतंय.

डोळ्यात औषध वेळेवर घाल. मिथुनला आशीर्वाद.

तुझा,
राजन

ता. क. जेवताना लोरेटाबाईंनी विचारलं, "आणि तुमचे पणजोबा?" हॅरोफर्डच्या लोहाराच्या दोन्ही बायकांची माहेरची नावं मला पाठ आहेत, पण आपल्या पणजोबा-पणजीचं नाव आठवेना. तेवढी दोन नावं कळव.

ता. क. २ नाव आठवेना म्हणून मी हुद्दा सांगितला. 'दिवाण' म्हणालो. ते कचेरीत होते हे खरंच आहे. पट्टेवाले होते, एवढं सांगायचं राहून गेलं.

ता. क. ३ लोरेटाबाई डिसेंबरात आपल्या गावी, देवरुखला येतायत. जुनी कागदपत्रं बघायची म्हणतात. तू फक्त पणजोबांचा एखादा फोटो शोधून ठेव. छातीपर्यंतचाच, ज्यात पट्टा येत नाही असा.